स्वदेशीची पिशवी कुणाच्या हातात?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय कागदावर जरा जड दिसतो : 'देशप्रेम, परदेशी माल आणि ग्राहकाची मानसिकता'. संयोजक मैत्रीण आधी म्हणाली, यासाठी बाजाराचं शास्त्र शिकवणारा एखादा प्राध्यापक बोलवू या. मी म्हटलं, नको, मीच बोलते. कारण ग्राहक म्हणजे शेवटी कोण? घरातला साबण, दंतमंजन, डाळ, तेल, पोरांच्या वह्या, सणाच्या पणत्या, सासूबाईंच्या गोळ्या कोण आणतं? जमीन कुठली घ्यायची, गाडी कुठल्या कंपनीची घ्यायची हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. पण किराणा तिच्याकडे. त्यामुळे 'देशाचं भलं करायचं असेल तर आपला माल घ्या' असं जेव्हा कुणी व्यासपीठावरून सांगतं, तेव्हा ते बोलणं फिरून फिरून तिच्याच पिशवीत येऊन पडतं. मला आज त्या पिशवीविषयी बोलायचं आहे.

आधी अभ्यासक काय म्हणतात ते सांगून टाकते. १९८७ साली अमेरिकेत टेरेन्स शिंप आणि सुभाष शर्मा या दोघांनी एक मोजपट्टी तयार केली. त्यात सतरा विधानं आहेत. परदेशी वस्तू घेणं हे खऱ्या देशप्रेमाला शोभत नाही, त्यानं आपल्या माणसांचा रोजगार जातो, अशा धर्तीची. प्रत्येक विधान तुम्हांला किती पटतं ते एक ते सात आकड्यांत सांगायचं, आणि बेरीज करायची. बेरीज मोठी, तर तुम्ही माल पारखण्याआधी तो कुठल्या देशाचा हे पाहता. आपल्याकडे याला कुठल्याही मोजपट्टीशिवाय नाव आहे : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

पण या पाहणीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अमेरिकेच्या चार भागांत त्यांनी माणसं निवडली होती. त्यांत सगळ्यांत जास्त गुण डेट्रॉइटचे भरले. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. जपानी मोटारी येत होत्या आणि तिथल्या कामगारांच्या नोकऱ्या जात होत्या. आता याला देशप्रेम म्हणायचं की भाकरीची धास्ती? दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की ज्याचं त्यालाही वेगळं करता येत नाही. म्हणून 'परदेशी माल नको' म्हणणाऱ्या माणसाला मी लगेच संकुचित म्हणत नाही. त्याच्या घरात कुणाचं काम सुटलं आहे का, ते आधी विचारावं.

दुसरा अभ्यास १९९८ सालचा, चीनमधल्या नानजिंग शहरातला. १९३७ साली जपानी सैन्यानं या शहरात कत्तल केली, हजारो बायकांवर बलात्कार केले. साठ वर्षांनंतर तिथल्या ग्राहकांना जपानी वस्तूंविषयी विचारलं, तेव्हा असं दिसलं की जपानी माल दर्जेदार आहे हे मान्य असूनही, ज्यांच्या मनात तो राग होता त्यांची तो घ्यायची तयारी कमी होती. आपल्याकडे बहिष्काराच्या वेळी समोरचा माल टाकाऊ आहे हे सिद्ध करायची केवढी धडपड चालते! नानजिंगच्या लोकांना तसं खोटं बोलायची गरज पडली नाही.

आणि आपल्याकडे? २००० साली भारतातल्या ग्राहकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की परदेशी नावाची वस्तू दर्ज्यासाठी तर घेतली जातेच, पण त्याहून वेगळं असं तिच्यात मानाचंही काहीतरी असतं. हे कळायला आपल्याला अभ्यास नको होता म्हणा. 'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण आपलीच. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत 'फॉरेनची' नायलॉनची साडी पाहायला शेजारपाजार गोळा व्हायचा. उल्हासनगरात बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, हा विनोद तर तुमच्या आयांनीही ऐकला असेल. ओठांवर स्वदेशी आणि कपाटात फॉरेन, हे आपलं जुनं दुखणं आहे.

याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट वारंवार येते. अनेक देशांतल्या पाहण्यांत बायकांचे गुण पुरुषांपेक्षा जास्त भरले आहेत. काही ठिकाणी फरक आढळला नाही, पण जिथे आढळला तिथे बहुतेक वेळा असाच. मग अभ्यासक कारण देतात की बायका अधिक परंपराप्रिय असतात, समूहाला धरून राहतात. मला हे स्पष्टीकरण आळशीपणाचं वाटतं. जिला पाळण्यापासून 'घराण्याचं नाव राख' हे शिकवलं, जिच्या कपड्यांवरून, हसण्यावरून माहेरची आणि सासरची अब्रू मोजली, तिला तुम्ही विचारता, देशाचं नाव राखशील का? ती 'नाही' म्हणेल कशी? इमान ही गोष्ट बाईकडून मागायची आणि पुरुषाला द्यायची, अशी आपल्या समाजाची रीत. बाजारात ती बदलेल असं मानायला काही कारण नाही.

आता आपल्या इतिहासाकडे वळते, कारण हे सगळं आपल्याकडे मोजपट्टीच्या कितीतरी आधी घडून गेलं आहे.

लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मधल्या शतपत्रांतून देशी मालाची बाजू मांडली होती. पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी स्वदेशीचं व्रत घेतलं आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी त्याच दशकात पुण्यात 'स्त्री-विचारवती सभा' काढली होती. काका पाठ्यपुस्तकात आहेत, सरस्वतीबाईंना शोधावं लागतं. असो.

मोठी लाट आली ती १९०५ साली, बंगालच्या फाळणीनंतर. पुण्यात ऑक्टोबर १९०५ मध्ये विलायती कपड्यांची होळी झाली, टिळक तिथे होते, तरुण सावरकर होते. बंगालमध्ये १६ ऑक्टोबरला, फाळणी अमलात आली त्या दिवशी, 'अरंधन' पाळण्यात आलं. अरंधन म्हणजे चूल न पेटवणं. बायकांनी विलायती काचेच्या बांगड्या टाकल्या. रामेंद्रसुंदर त्रिवेदींनी तर घरातल्या बायकांसाठी व्रतकथेच्या घाटाची एक स्वदेशीची कथाच लिहिली. बघा कसं नेमकं आहे ते! चूल, बांगड्या, व्रत. राजकारण बाईपर्यंत आलं ते तिच्याच सामानातून आलं. त्यानं बाई राजकारणात आली हे खरंच. पण तिच्याकडून जे मागितलं गेलं ते बाहेर येऊन बोलणं नव्हतं, त्याग होता. तिला अगदी सरावाचा असलेला.

आणि पलीकडे काय चाललं होतं? बंगालमध्ये देशी कापडाला मागणी वाढली. मुंबईच्या गिरणीमालकांनी काय केलं? भाव वाढवले. त्याच १९०५ साली गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामगाराचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे कलकत्त्याची एक बाई देशासाठी महाग लुगडं घेते आहे, परळचा कामगार दिव्याच्या उजेडात डोळे फोडतो आहे, आणि या दोघांच्या मधली मिळकत कुणाच्या तिजोरीत जाते आहे हे आपल्याला कळतं. स्वदेशी वाईट होती असं मी म्हणत नाही. परक्या सत्तेची आर्थिक नाडी दाबायची तर हेच हत्यार हातात होतं. पण हत्यार उपसण्याचे कष्ट एकीचे आणि लाभ दुसऱ्याचा, हे तेव्हाही झालं.

रवींद्रनाथ ठाकुरांना हे दिसलं होतं. ते स्वतः स्वदेशीच्या लाटेत उतरलेले, नंतर बाजूला झाले. १९१६ साली आलेल्या त्यांच्या 'घरे बाइरे' या कादंबरीत पंचू नावाचा एक गरीब माणूस आहे. त्याचं विलायती कापड जमीनदार जाळून टाकतो. बंगालमधल्या गरीब शेतकऱ्याला, त्यांत मुसलमान शेतकरी बरेच, महाग देशी कापड परवडत नव्हतं. त्याच्यावर जबरदस्ती झाली, आणि त्यातून दुही वाढली. स्वस्त वस्तूची गरज असलेल्या माणसाला देशद्रोही ठरवणं किती सोपं असतं याचा तो पहिला मोठा धडा होता.

१९३० ची गोष्ट मला जास्त सांगाविशी वाटते, कारण तिथे आपल्या आज्या-पणज्या आहेत. दांडीयात्रेच्या मूळ तुकडीत गांधीजींनी एकही बाई घेतली नव्हती. त्यावर बायकांनी तक्रार केली. कमलादेवी चट्टोपाध्याय त्यांच्याशी भांडल्या. मग एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी बायकांना उद्देशून लेख लिहिला आणि त्यांच्यावर खास काम सोपवलं : परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांवर निदर्शनं. का, तर बाई अहिंसेनं माणसाच्या काळजाला हात घालू शकते म्हणून. म्हणजे समुद्रावर जाऊन कायदा मोडणं पुरुषांकडे आणि दुकान पुन्हा बाईकडे!

पण बायकांनी त्या दिलेल्या कामाचं काय केलं बघा. मुंबईत देशसेविका संघ उभा राहिला. हंसा मेहता, पेरीन कॅप्टन, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या बायकांनी मूळजी जेठा मार्केटपासून गल्लीतल्या दुकानांपर्यंत पहारे दिले. उन्हात उभ्या राहिल्या, शिव्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. ज्या बाईनं तोवर परक्या पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ती व्यापाऱ्याला सांगत होती, हा गठ्ठा उघडू नका. हे लहान काम नव्हतं. बाजारातली पिशवी घेऊन ती निघाली आणि थेट सार्वजनिक जीवनात पोचली. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू गिरणी कामगार होता, हेही विसरू नका.

तरी दोन प्रश्न उरतातच. एक खादीचा. खादीचं लुगडं जड, गिरणीच्या लुगड्यापेक्षा महाग, आणि भिजलं की उचलवत नाही. ते धुणार कोण? धुणीवालीच्या खांद्यानं स्वदेशीत किती भाग घेतला, याची नोंद कुठे सापडत नाही. दुसरा प्रश्न कपड्यातल्या मानाचा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्या. ते स्वतः कोट-पाटलोण घालत. ज्या समाजाला चांगलं वस्त्र नेसायचीच बंदी होती, त्याला 'साधं जाडंभरडं नेसा' हा उपदेश कसा वाटला असेल? त्याग करायला आधी काहीतरी मिळालेलं असावं लागतं.

आता गिरणीकडे. बहिष्काराचा लाभ देशी गिरण्यांना झाला. त्या गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंग खात्यांत आपल्या कोकणातल्या, घाटावरच्या बायका होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. पुढे नवी यंत्रं आली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होतीच, १९२९ चा प्रसूती लाभ कायदा झाला होता, आणि या सगळ्यांकडे बोट दाखवत मालकांनी बायकांची भरती आटवत नेली. स्वातंत्र्यानंतर काही दशकांतच गिरणीतली बाई जवळजवळ दिसेनाशी झाली. कापड देशीच राहिलं. ते विणणाऱ्यांतून बाई गेली. तिच्यासाठी कुणी दुकानांपुढे उभं राहिलं नाही.

एक छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. सप्टेंबर १९३१. गांधीजी इंग्लंडला गेले असताना लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. भारतातल्या बहिष्काराची झळ बसलेला हा गिरण्यांचा भाग. आणि छायाचित्रात गिरणीतल्या कामगार बायकांच्या घोळक्यात ते उभे आहेत, बायका हात उंचावून त्यांचा जयजयकार करताहेत. ज्यांचं काम आपल्या बहिष्कारानं कमी झालं त्याच या बायका. गांधीजींनी त्यांना भारतातल्या बेकारीचं आणि उपासमारीचं खरं रूप सांगितलं. त्या बायकांना ते किती पटलं हे मी सांगू शकत नाही. पण मला ते छायाचित्र भिंतीवर लावावंसं वाटतं. कारण त्यात बहिष्काराच्या दोन्ही टोकांची माणसं समोरासमोर आहेत. एरवी आपल्याला दुकानाची फळी तेवढी दिसते, फळीच्या मागची बाई दिसत नाही.

आता अलीकडे येते. १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९७७ साली गेलेली कोका-कोला १९९३ साली परत आली आणि आल्याआल्या आपलं 'थम्स अप' विकत घेऊन बसली. टाटांनी १९५२ साली काढलेलं 'लॅक्मे' नव्वदच्या दशकातच हिंदुस्थान लीव्हरकडे गेलं. म्हणजे नाव आपलं, कारखाना आपला, हात आपले, मालक बाहेरचा. मग हा माल देशी की परदेशी? त्या काळात घरोघर दोन रकान्यांची पत्रकं यायची, 'हे घ्या' आणि 'हे घेऊ नका'. मी अशी कितीतरी पत्रकं पाहिली. साबण, शांपू, पेस्ट, पावडर, क्रीम, बिस्किटं, चहा. बहुतेक सगळं बाईच्या यादीतलं. पेट्रोल कुठून येतं, कारखान्यातलं यंत्र कुठून येतं, याचा रकाना त्यात नसायचा. देशाचा सगळा आर्थिक स्वाभिमान न्हाणीघरातल्या फळीवर येऊन बसला होता. आपल्या संघटनाही तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्ध बोलत होत्या, आणि बरोबर बोलत होत्या. पण ज्यांनी ही पत्रकं वाटली त्यांतले कितीतरीजण देशी कंपनीतल्या बाईच्या पगाराविषयी एक अक्षर काढत नव्हते.

एक उदाहरण तर असं आहे की ते प्रत्येक गटात सांगायला हवं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर लागला. सिंदूर, टिकली, बांगड्या करमुक्त, आणि पाळीचं सामान करपात्र! देशभर बायकांनी विरोध केला. तेव्हा अर्थखात्यानं जे स्पष्टीकरण दिलं त्यातला एक मुद्दा असा होता : कर शून्य केला तर देशी उत्पादकांना कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही, बाहेरून येणारं पॅड करमुक्त होईल, आणि देशी उत्पादक मागे पडेल. हिशेब म्हणून त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण देशी उत्पादकाला जपण्याचा भार कुणी उचलायचा? पाळी येणाऱ्या बाईनं, दर महिन्याला. सरकारला दुसरी वाट काढता आली नसती का? काढता आली असती. जुलै २०१८ मध्ये कर रद्द झाला आणि देश काही बुडाला नाही.

मग २०२०. जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान मारले गेले. संताप खरा होता, त्याची चेष्टा करायची नाही. 'चिनी मालावर बहिष्कार' ही हाक घुमली. २९ जूनला टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली. त्या टिकटॉकवर खेड्यापाड्यांतल्या किती बायका नाचत, गात, हसवत होत्या! त्यांना दुसऱ्या कुठल्या मंचानं बोलावलं नव्हतं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर बंदी घालावी लागते, तेही मला कळतं. त्यांच्या हातातून काहीतरी गेलं, एवढंही कुणी म्हटलं नाही याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवाळीला आमच्याकडच्या बाजारात एक बाई पदपथावर दिव्यांच्या माळा घेऊन बसली होती. चार पोरं आली, माळा चिनी आहेत म्हणून तिला हटकू लागली. ती म्हणाली, 'भाऊ, मी काही चीनला जाऊन आणल्या न्हाईत. घाऊकवाल्याकडनं उधारीवर आणल्यात. त्याच्याकडं जा की.' पोरं घाऊकवाल्याकडे गेली नाहीत. आणि देशाच्या पातळीवर काय झालं? २०२१ साली चीनमधून भारतात आलेला माल सुमारे ९७ अब्ज डॉलरचा होता, त्याआधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. औषधांचा कच्चा माल, यंत्रं, मोबाइलचे सुटे भाग. ते कुणी पदपथावर मांडून बसत नाही, म्हणून त्याला हटकताही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही सगळं एकाच बाजूनं सांगताय. तर दुसरी बाजू सांगते. अगरबत्ती घ्या. काडीला मसाला लावून ती वळणं हे आपल्या देशात मुख्यतः बायकांचं काम. घरी बसून, दर हजारामागे पैसे. व्हिएतनाम, चीनमधून यंत्रावर वळलेली कच्ची अगरबत्ती स्वस्तात यायला लागली तशी या बायकांच्या हातची कामं गेली. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीला सरकारनं अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं शुल्क १० वरून २५ टक्के केलं. इथे परदेशी माल अडवणं हे सरळ बायकांच्या रोजगाराशी जोडलेलं आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. डेट्रॉइटचा मोटार कामगार आणि आपली अगरबत्तीवाली यांची धास्ती एकाच जातीची. फक्त त्याच्या मागे युनियन होती. हिला तर कामगार म्हणूनच कुणी मोजत नाही. म्हणून माझा पुढचा प्रश्न असतो की परत आलेलं काम हातावर आलं की यंत्रावर? आणि हजाराचा दर वाढला का? सोलापूरच्या विडी कामगार बायकांना विचारा. विडी तर शंभर टक्के स्वदेशी. तंबाखूची धूळ नाकात घेऊन, मान मोडून वळलेली. 'देशी' या शब्दानं त्यांचा दर आपोआप वाढला नाही. जे काही वाढलं ते मोर्चे काढून वाढलं.

तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाची एक पद्धत वर्षानुवर्षे चालली. गरीब घरातल्या कोवळ्या पोरींना तीन वर्षांच्या करारावर आणायचं, वसतिगृहात ठेवायचं, बाहेर जायला मज्जाव, रोजची मजुरी तुटपुंजी, आणि मुदत संपल्यावर एकरकमी पैसा. कशाला? लग्नाला. कायद्यानं गुन्हा असलेल्या हुंड्याची अशी रोखीची सोय! नाव काय, तर सुमंगली. हे सूत आपल्या देशात कातलेलं, आपल्या कापसाचं. त्या दोन रकान्यांच्या पत्रकात ते सन्मानानं 'हे घ्या'च्या बाजूला बसलं असतं.

आणि आपणही कुणाचे तरी परदेशी आहोत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या बऱ्याचशा मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं. तिरुपूरमध्ये टी-शर्ट शिवणाऱ्या, आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या कामावर टांगती तलवार आली. अमेरिकन माणसाच्या देशप्रेमाचा चटका या बायकांच्या हाताला. त्याच महिन्यात आपल्याकडे पुन्हा स्वदेशीचं आवाहन झालं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या बायका. त्यानंतर युरोपातले काही ग्राहक म्हणू लागले, आता बांगलादेशाचे कपडेच नको. तिथल्या कामगार संघटना म्हणाल्या, आमच्या मालावर बहिष्कार टाकू नका, आमच्या मालकांवर आणि तुमच्या कंपन्यांवर दबाव आणा. कपड्याच्या कॉलरमागच्या चिठ्ठीवर देशाचं नाव असतं. इमारतीला तडे गेले आहेत हे आदल्या दिवशी दिसलं होतं आणि तरी बायकांना आत पाठवलं, हे चिठ्ठीवर नसतं.

वेळ झाली आहे, म्हणून आता गटचर्चेसाठी काम देते. दिवाळीला आपल्यापैकी बहुतेक गट विक्रीचा स्टॉल लावतात. उटणं, पणत्या, फराळ, पिशव्या. त्यावर आपण 'स्वदेशी' लिहितो, कारण खपतं. मला वाटतं, यंदा प्रत्येक गटानं आपल्या तीन वस्तू घ्याव्यात आणि कागदावर मांडावं : कच्चा माल कुठून आला, बनवायला किती तास लागले, बनवणारीला तासाला किती पडले, तिच्या जिल्ह्यातल्या किमान वेतनाशी ते जुळतं का. फराळाच्या बाबतीत पहाटे चारला उठून भाजलेल्या भाजणीचे तासही धरा, ते सोडू नका. हा कागद स्टॉलवर गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा की नाही, यावर आपल्यात मतभेद होतील याची मला कल्पना आहे. दर बघून गिऱ्हाईक घासाघीस करील की थांबेल, तेही बघू. मागच्या बाजूला कागद आणि स्केचपेनं ठेवली आहेत. सहा-सहाजणी बसा, आणि ज्या गटात पापड-लोणच्यावाल्या असतील त्यांनी आधी बोलायचं.